घडलं तेवढंच लिहा

भाऊसाहेबांच्या घरात 'मुद्दाम' हा शब्द चालायचा नाही. 'नेहमी' आणि 'कधीच' हेही नाहीत. दिवेआगरला त्यांच्या वाडीतली मागची खोली भाड्याने बघायला मी गेले, तेव्हा आधीची खोली का सोडताय असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, घरमालकीण मुद्दाम त्रास देते. त्यांनी चष्मा काढून पंच्याच्या टोकाने पुसला आणि म्हणाले, मुद्दाम हे तिच्या डोक्यातलं झालं, तुम्ही आत जाऊन बघून आलात का? घडलं काय तेवढं सांगा. सकाळपासून तीन गावं फिरून माझं डोकं उठलं होतं आणि हा माणूस माझी उलटतपासणी घेत होता. घडलं होतं ते इतकंच, की ती बाई सकाळी सातला पाण्याचा पंप बंद करायची आणि मी सात वाजून दहा मिनिटांनी उठायचे. हे स्वतःच्या तोंडाने सांगताना माझी मलाच लाज वाटली. खोली मिळाली.

भाऊसाहेब निवृत्त तलाठी. तीसेक वर्षं त्यांनी याच पट्ट्यात नोकरी केली, आणि तलाठ्याला गाव भाऊसाहेब म्हणतं म्हणून निवृत्तीनंतरही ते भाऊसाहेबच राहिले. मीही तलाठी. बोर्ली पंचतनला माझं ऑफिस, आणि किनारा झोडपून गेलेल्या चक्रीवादळानंतर दुसऱ्या वर्षी मी तिथे बदलून आलेली. आमच्या पदाला आता लांबलचक नवं नाव मिळालंय, काम तेच आहे. नवरा आणि मुलगा पेणला, मी इथे, आणि शनिवारी पोहोचून रविवारी परत निघायचं, असं माझं चाललं होतं. माणूस दमतो तो कामाने नाही, पिशवी भरून आणि पिशवी रिकामी करून दमतो. त्यामुळे कोणाच्या विक्षिप्तपणाचं कौतुक करायला माझ्यात त्राण नव्हतं. मला फक्त पाणी आणि शांतता हवी होती. शांतता काही मिळाली नाही.

पंचनामा म्हणजे काय ते आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. काही पडलं, जळलं, बुडालं की तलाठी येतो, दोन तटस्थ माणसं पंच म्हणून उभी करतो, समोर दिसतं ते लिहितो, मोठ्याने वाचून दाखवतो आणि सह्या घेतो. जागेच्या चारी दिशांना काय आहे तेही लिहावं लागतं, त्याला चतुःसीमा म्हणतात. अंदाज लिहायचा नाही. कोण रडत होतं, कोणाची काय हालत झाली, हे तर नाहीच नाही. भाऊसाहेबांनी जन्मभर हे केलं आणि निवृत्त झाल्यावर त्यांच्या मनाने घेतलं, की माणसाच्या आयुष्यात जे काही बिघडतं त्याचा असाच पंचनामा करता येतो. आपण दुःखी असतो ते घडलेल्या गोष्टीमुळे फार कमी आणि तिच्यावर आपण जे चढवतो त्यामुळे जास्त, असं ते म्हणायचे. कोणी त्यांना तत्त्वज्ञ म्हटलं तर चिडायचे. आपल्याकडे तत्त्वज्ञान वगैरे काही नाही, एक कोरा कागद आहे, म्हणायचे.

सुरुवात त्यांनी स्वतःपासून केली होती, हे मात्र मान्य करायला हवं. रोज सकाळी आंघोळीनंतर ते ओटीवर बसायचे, दोन कागदांमध्ये कार्बन घालायचे आणि आदल्या दिवशीच्या एखाद्या प्रसंगाचा पंचनामा लिहायचे. एक प्रत फाइलीत, एक प्रत ज्याच्याशी संबंध त्याला. मी राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, हसत हसत मला एक कागद दाखवला. त्यावर मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, की सकाळी आठ वाजता राग आला. रागाची चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस भूक, पश्चिमेस जावयाचा फोन, दक्षिणेस उजवा गुडघा, उत्तरेस मी स्वतः. नुकसान एक कप. खाली पंच म्हणून काकूंची सही होती. काकूंनी सहीच्या वर एक ओळ आपल्या हाताने वाढवली होती, की कप माझ्या माहेरचा होता.

मी हसले खरी, पण तो कागद डोक्यातून जाईना. उत्तरेस मी स्वतः. पुढच्या वेळी पेणला नवऱ्यावर ओरडून झाल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले आणि चारी दिशांना काय काय आहे ते बघायला लागले. एका बाजूला तीन तासांचा एसटीचा प्रवास होता, एका बाजूला मुलाचं मला बघूनही मोबाइलमधून डोकं वर न काढणं होतं. नवरा कुठल्याच बाजूला नव्हता, तो बिचारा मध्ये सापडला होता. बाहेर येऊन मी त्याला चहा करून दिला. का दिला ते सांगितलं नाही.

गावातली माणसं भाऊसाहेबांकडे तक्रारी घेऊन यायची, आणि जाताना बहुतेक वेळा नाराज होऊन जायची. शेजारच्या वाडीतल्या दोन चुलतभावांचं एकदा कडाक्याचं वाजलं. एकाच्या माडाची झावळी दुसऱ्याच्या न्हाणीच्या पत्र्यावर पडली होती. दोघे ओटीवर येऊन एकमेकांच्या बापापर्यंत गेले. भाऊसाहेबांनी दोघांना एकेक कागद दिला आणि घडलं तेवढंच लिहायला बसवलं. एकाने लिहिलं, याने मुद्दाम झावळी पाडली. भाऊसाहेबांनी 'मुद्दाम' खोडलं. मग 'याने' खोडलं, कारण तो तेव्हा बोर्लीच्या बाजारात होता. मग 'पाडली'चं 'पडली' झालं. शेवटी कागदावर उरलं एवढंच, की झावळी पडली. दोघे त्या कागदाकडे बघत राहिले. उठताना थोरला म्हणाला, "भाऊसाहेब, भांडायला काय ठेवलाच न्हाय तुम्ही आमाला." त्याला खरंच वाईट वाटलं होतं, आणि मला ते पटलं. भांडण हीसुद्धा माणसाची एक सोबत असते.

माझ्यावर प्रयोग झाला तो मीटिंगच्या दिवशी. तालुक्याच्या ठिकाणी मीटिंग होती, माझा एक अहवाल राहिला होता, आणि वरिष्ठांनी सगळ्यांसमोर माझा पाणउतारा केला. निदान मी तसं म्हणत होते. परतीच्या गाडीत डोळे पुसतच मी घर गाठलं. भाऊसाहेबांनी कागद पुढे केला. मी लिहायला बसले आणि अर्ध्या तासाने कागदावर तीन वाक्यं होती. साहेबांनी अहवाल विचारला. मी नाही म्हटलं. साहेब 'बसा' म्हणाले. झालं, संपलं. म्हणजे 'बसा' या एका शब्दावर मी दीड तास रडत आले होते. भाऊसाहेब खूष झाले, बघा म्हणाले, पाणउतारा आहे का यात कुठे? नव्हता. मला हलकं वाटलं, खोटं कशाला सांगू. त्या रात्री मी जेवले आणि झोपले. पण 'बसा' ज्या आवाजात म्हटलं गेलं तो आवाज काही कागदावर आला नव्हता. तसं मी काकूंना म्हटलं. काकू ताक घुसळत होत्या. त्या म्हणाल्या, यांच्या कागदावर आवाज येतच नाही, मी चाळीस वर्षं बघते आहे.

काकू बोलायच्या कमी. वाडी खरं म्हणजे त्यांची होती. वादळात निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या, त्यानंतर रोपं आणून, शिंपून, राखून ती वाडी पुन्हा उभी करायचं काम त्या एकट्या करत होत्या. पुढच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायच्या आणि त्यांचं जेवणही त्याच करायच्या. मी उशिरा आले की माझं ताट झाकून ठेवलेलं असायचं. मी कधी त्यांचे आभार मानले नाहीत, आपल्याकडे तशी पद्धत नाही, पण मानायला हवे होते.

मी तिथे राहायला जाऊन आठ-नऊ महिने झाले असतील. एका सोमवारी सकाळी काकूंनी पिशवी भरली आणि माणगावला लेकीकडे जाते म्हणून सांगून सातच्या गाडीने गेल्या. भाऊसाहेबांना वाटलं चार दिवसांसाठी गेली. मलाही तेच वाटलं. चार दिवसांचे पंधरा झाले, पंधराचा महिना झाला. फोन व्हायचा. जेवलात का, पंप चालू केलात का, एवढंच बोलणं. भाऊसाहेबांनी एकदा विचारलं, की काय झालं, का गेलीस. काकू म्हणाल्या, काही नाही झालं. आणि इथे या माणसाने ती चूक केली जी जगात दुसऱ्या कुठल्याही नवऱ्याने केली नसती. त्यांनी ते खरं मानलं. बायको म्हणते काही नाही झालं, म्हणजे काही झालेलं नाही. घडलेलं काही नाही तर लिहायचं काय, आणि लिहायला काही नाही तर सोडवायचं काय.

लेकीने मला फोन करून सांगितलं, की बाबांना म्हणावं या आणि आईला घेऊन जा. मी निरोप दिला. ते म्हणाले, कारण कळल्याशिवाय जाऊन काय बोलू? त्यांची दाढी वाढली. वाडीतली रोपं मी ऑफिसला जायच्या आधी शिंपायला लागले, कारण ते शिंपणं विसरायचे. दोन्ही वेळा चहात पाव बुडवून खायचे. मी भाजी नेऊन दिली की घ्यायचे आणि तशीच राहायची. पर्यटकांच्या खोल्यांना कुलूप लागलं. सकाळी कार्बन घालून बसायचे, पण कागद कोराच असायचा. मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा. मी स्वतः आठवड्यातून एक दिवस संसार करणारी बाई, आणि या दोघांना चाळीस वर्षं एका छपराखाली मिळाली होती, आणि हा माणूस कारण शोधत बसला होता. जाऊन नुसतं समोर उभं राहायला काय होतं?

पावसाळा उलटला तसे एक दिवस त्यांनी मला हाक मारली. चार पानी पंचनामा तयार होता. रविवारी माणगावला जायचं, काकूंसमोर तो वाचायचा, आणि मी पंच म्हणून सही करायची. मी म्हटलं, पंच तटस्थ लागतो, मी घरातली झाले आहे. ते म्हणाले, भाडेकरू तटस्थच असतो. त्या रविवारी पेणला माझ्या मुलाचा वाढदिवस होता. मी घरी फोन करून सांगितलं, की दुपारनंतर पोहोचते. पलीकडून नुसतं 'बरं' आलं. मला कोणी रागावलं असतं तर बरं वाटलं असतं.

म्हसळ्यावरून जाणारी गाडी पकडून आम्ही माणगावला पोहोचलो. भाऊसाहेबांनी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि पिशवीत फाइलबरोबर चार नारळ घेतले होते. लेकीचं घर बाजाराजवळ, दुसऱ्या मजल्यावर. जावई बाहेर गेले होते. काकू खाली बसून मोड आलेले वाल सोलत होत्या, बिरड्यासाठी. नवऱ्याला बघून त्यांनी पदर सारखा केला आणि विचारलं, गुडघा कसा आहे. बरा आहे म्हणाले. लेकीने चहा आणला. तेवढ्यावर थांबले असते तरी मला वाटतं काकू त्यांच्याबरोबर आल्या असत्या. पण त्यांनी फाइल उघडली.

त्यांनी रीतसर वाचायला सुरुवात केली. काकू गेल्या त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, पर्यटक पाहुणे आले. दुपारी जेवण झालं, पत्नीने वाढलं. जेवताना पाहुण्यांनी वादळाविषयी विचारलं, ते मी सांगितलं. पाहुणे चार वाजता गेले. संध्याकाळी चहा झाला. कोणताही वाद झाला नाही. सोमवारी पत्नी सातच्या गाडीने गेली. काकू वाल सोलत होत्या, एकेक साल बाजूला टाकत होत्या. मग पूर्वीची हकिकत सुरू झाली. चाळीस वर्षांत नोंद घेण्यासारखा वाद नाही, उलट संकटात एकमेकांना साथ दिलेली आहे. उदाहरणार्थ, वादळाच्या दिवशी दुपारी पुढच्या दाराचा अडसर तुटला, तेव्हा मी व पत्नी, दोघांनी मिळून वारा पडेपर्यंत दार धरून ठेवले.

काकूंचा हात थांबला.

"हे खोडा."

"का? काय चुकलं?"

"तुम्ही घरी नव्हतात."

भाऊसाहेब जरासे हसले. ऑफिसात चुकीचा उतारा घेऊन आलेल्या माणसाकडे बघून आम्ही हसतो, तसंच. ते म्हणाले, असं कसं, मी खांदा लावला होता की दाराला. आणि त्यांनी हात उजव्या खांद्यावर ठेवला, जणू तो अजून दुखत होता. मला शपथेवर विचाराल तर मी सांगेन, की तो माणूस खोटं बोलत नव्हता. त्यांना ते दार आठवत होतं.

काकूंनी सूप बाजूला सरकवलं. आवाज न चढवता त्या सांगायला लागल्या, की सकाळी तुम्ही शाळेत गेलात. किनाऱ्यावरच्या घरांतली माणसं शाळेत आणायची होती, जा म्हणून मीच म्हटलं. मग वारा वाढला, तुम्हाला येता येईना. अडसर तुटला तेव्हा घरात मी एकटी. दाराला पाठ लावली आणि पाय जात्याला टेकवून बसले. कौलं उडत होती ती ऐकू येत होती. पोफळी मोडत होत्या त्याही. "तुम्ही आलात तेव्हा वारा पडला होता. दार मी उघडलं तुम्हाला. आत असतात, तर उघडायला कशाला लागलं असतं?"

खाली रस्त्यावर भाजीवाल्याचं ओरडणं चाललं होतं. मग लेक हळूच म्हणाली, "बाबा, वादळानंतर फोन लागायला लागले तेव्हा पहिल्या फोनवर तुम्हीच मला सांगितलं होतंत, की आई एकटी होती. तुम्ही रडत होतात."

भाऊसाहेबांनी कागदाकडे बघितलं, मग लेकीकडे बघितलं. पाहुणे विचारत गेले, ते सांगत गेले. पहिल्यांदा गोष्टीत फक्त 'ही' असेल. मग कधीतरी 'आम्ही' झालं असेल. दार, अडसर, जातं, सगळं बरोबर होतं, फक्त ते स्वतः तिथे नव्हते. मीही त्यांच्या तोंडून ती हकिकत बऱ्याच वेळा ऐकली होती आणि त्यातला त्यांचा खांदा मला चांगला आठवत होता. चुलतभावांच्या भांडणातला 'याने' ज्यांनी खोडला, त्यांना स्वतःच्या गोष्टीतला 'मी' दिसला नव्हता. गावात कोणी सांगितलं कसं नाही म्हणावं, तर ती हकिकत गावाला कधी सांगितलीच गेली नव्हती. ती बाहेरून आलेल्यांसाठी होती, माझ्यासारख्यांसाठी.

मग भाऊसाहेबांनी विचारलं, "दार उघडल्यावर मी काय म्हणालो?"

"म्हणालात, दार उघडायला इतका वेळ? माझे पाय सरळ होत नव्हते."

"हे मी म्हणालो?"

"म्हणालात. त्याचं मला काही नाही. भिजलेले होतात, घाबरलेले होतात." काकूंनी पदराने हात पुसले. "तुम्ही नव्हतात म्हणून मी नाही गेले. तुम्ही होतात असं सांगायला लागलात, म्हणून गेले. ते माझं एकटीचं होतं हो. त्यात सुद्धा तुम्ही येऊन बसलात."

सरकारी कागदावर खाडाखोड झाली तर एक सरळ रेघ मारायची असते आणि शेजारी छोटी सही करायची असते, म्हणजे खोडणारा कोण ते कळतं. भाऊसाहेबांनी खिशातलं पेन काढलं. ती ओळ त्यांनी एका रेघेत खोडली. शेजारी सही केली. मग मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही सही करू नका. पंचनामा चुकीचा आहे." आणि चष्मा काढून तसेच बसून राहिले. काकूंनी सूप पुन्हा पुढे ओढलं. थोड्या वेळाने भाऊसाहेब खुर्चीवरून उतरून कष्टाने खाली बसले, गुडघा धरत, आणि काकूंच्या सुपातले वाल सोलायला लागले. त्यांना ते येत नव्हतं, दाणे मोडत होते. काकूंनी मोडलेले दाणे निमूट वेगळे काढले.

मी निघाले. भाऊसाहेब लेकीकडेच राहिले. पेणच्या गाडीत मला खिडकी मिळाली, पण डोळा लागला नाही. मी माझ्याच गोष्टी तपासत होते. माझे वडील गेले तेव्हा मी त्यांच्या उशाशी होते, असं मी सगळ्यांना सांगते. उशाशी माझी बहीण होती. मी माझ्या आधीच्या सजेत, म्हणजे तेव्हा माझ्याकडे असलेल्या गावांत, पुराचे पंचनामे करत होते आणि ती फोनवर मला सगळं सांगत होती, श्वास कसा चाललाय, पाणी घेतलं की नाही. ते इतकं नीट सांगितलं तिने, की मला ते दिसलं, आणि दिसलं म्हणून मी तिथे होते असं मला वाटायला लागलं. बहीण समोर असतानाही मी ते सांगितलेलं आहे. ती कधी काही बोलली नाही. पेणला उतरल्यावर केक घ्यायच्या आधी मी स्टँडवरूनच तिला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तिने फोन उचलला आणि म्हणाली, आज कशी काय आठवण झाली, आणि मला रडू आवरेना.

भाऊसाहेब दोन दिवसांनी एकटेच परत आले. मी काही विचारलं नाही. दिवाळीच्या आधी काकू आल्या. सुपारी काढायला आली आहे, ती कोण बघणार, असं मला म्हणाल्या आणि घर झाडायला लागल्या. दोघांचं काही ठरलं होतं का, मला माहीत नाही. बोलणं पूर्वीइतकंच होतं. भाऊसाहेबांकडे माणसं येत राहिली, कागद दिले जात राहिले, पण आता लिहायला बसवण्याआधी ते एक प्रश्न जास्तीचा विचारायचे, की तुम्ही स्वतः तिथे होतात का. लोक चिडायचे. होतो म्हणजे काय, होतोच की, म्हणायचे. आणि मग हातातल्या कोऱ्या कागदाकडे बघायचे. फाइलीतले जुने पंचनामे काढून ते वाचत बसायचे आणि मधेच एखादी ओळ खोडून शेजारी सही करायचे. कुठली ओळ ते त्यांनी मला दाखवलं नाही.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. निघायच्या आधीच्या रविवारी मी मुद्दाम पेणला गेले नाही. हा शब्द वापरते, कारण तो माझ्या डोक्यातला आहे आणि मला माहीत आहे. काकूंनी मला जेवायला बसवलं होतं. पुढच्या खोलीत पुण्याचं एक कुटुंब उतरलं होतं, तेही पंक्तीला होतं. वाडीतली अर्धवट उंचीची झाडं बघून त्यातल्या गृहस्थांनी विचारलं, वादळात तुम्ही इथेच होतात का? घरात?

भाऊसाहेबांचा घास हातात राहिला. "मी नव्हतो. मी शाळेत होतो. ही होती, एकटी."

सगळे काकूंकडे वळले. त्या वाढत होत्या. त्यांनी एकदा नवऱ्याकडे बघितलं. मग पाहुण्यांना म्हणाल्या, "वारा होता. दार धरून बसले." आणि भात आणते म्हणून आत गेल्या.

आम्ही वाट बघितली. आतून भांड्याचा आवाज आला नाही, काहीच आवाज आला नाही. भाऊसाहेब भरल्या ताटावरून उठले. चाळीस वर्षांत तो माणूस ताटावरून उठला नसेल. गुडघ्यावर हात टेकत ते काकूंच्या मागे आत गेले, आणि कितीतरी वेळ दोघांपैकी कोणीही बाहेर आलं नाही. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. मी हात धुतला, बाहेरून वळसा घालून मागच्या पडवीतल्या चुलीवरचं भाताचं पातेलं उचललं आणि सगळ्यांना भात वाढला.